चटईवर एकच बाळ

मी तोंडाची फटकळ, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पोटात एक आणि ओठांवर एक असं आपल्याला जमत नाही, असं मी मिरवायचेही. आता ते मिरवायची सोय राहिली नाही.

आमच्या घरात दोन बाळं. माझा ढब्बू आणि माझ्या धाकट्या जावेची भिंगरी. ढब्बू महिनाभराने मोठा, पण ते सांगावं लागायचं. भिंगरी पोटावर सरकत उंबऱ्यापर्यंत पोचायची तेव्हा हा आपला उताणा पडून पंख्याकडे बघत असायचा. जाऊ चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. मी घरीच पडदे शिवते, त्यामुळे दिवसभर दोन्ही बाळं माझ्याकडे. हे कुणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं. "एक काय अन् दोन काय, तू जा बिनधास्त," असं मीच तिला म्हटलं होतं.

मग लस टोचायला गेलो तेव्हा नर्सबाईंनी ढब्बूसमोर खुळखुळा धरला. त्याने तो बघितला, हात काही पुढे केला नाही. शेजारून भिंगरीने आईच्या मांडीवरून झेप घेतली आणि खुळखुळा हिसकावला. नर्सबाई हसल्या. मला म्हणाल्या, "घाबरू नका, पण याच्याशी घरी रोज खेळत जा. वाटी-चमचा द्या, आरसा दाखवा, तोंडावर फडकं घेऊन भोऽ करा. खाली बसून, त्याच्या डोळ्यांत बघून. महागाची खेळणी नकोत, तुम्ही हव्यात."

तुम्ही हव्यात! म्हणजे इतके दिवस मी काय नव्हते? घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. त्यात सासूबाई दारातच म्हणाल्या, "भिंगरी आईवर गेली, हा लोळ्या कुणावर गेला गं बाई?" त्या चेष्टेने म्हणाल्या, पण मला झोंबलं.

जावेला ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी येताना तिने दुकानातून चष्म्याच्या दोन रिकाम्या डब्या आणल्या. "एक याला, एक तिला," म्हणाली. उघडायला सोप्या, मिटल्या की टक् आवाज. मी मशीन बंद ठेवून चटई अंथरली, मागे उशा लावून दोघांना बसवलं आणि डबीत चेंडू लपवला. ढब्बूची नजर डबीवर जाईपर्यंत भिंगरीने ती उघडलीसुद्धा. वाटीखाली चमचा ठेवला, वाटी तिने उलथली. मी तोंडावर फडकं घेतलं, तर ढब्बूला काही सुचायच्या आत हिने ते ओढून काढलं. हुशार पोर! मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. बसायला नुकत्याच शिकलेल्या पोरीचा राग! मेली सारखी मध्ये मध्ये काय करते, असं मनात आलं आणि मी तिला उचलून कोपऱ्यातल्या गजांच्या खाटेत ठेवली. थोडाच वेळ, म्हटलं. याला एकदा जमू दे.

आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माझ्यासारख्याच एखाद्या बाईवरून पडली असणार.

ढब्बूला जमायला लागलं. समोर लुडबुडणारं कुणी नाही म्हटल्यावर तो सावकाश हात पुढे करायचा, डबी चाचपायचा, आणि टक् झालं की स्वतःच दचकून हसायचा. ते हसू बघून मला स्वर्ग दोन बोटं उरायचा. त्याचा खेळ संपला की पडद्यांची घाई, त्यामुळे भिंगरीची पाळी यायचीच नाही. आज राहिलं, उद्या बघू. तिचं खाणंपिणं, दुपटी, झोप, सगळं वेळेवर; त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. सुरुवातीला ती गज धरून किंचाळायची. मी ऐकू न आल्यासारखं करायचे. मग तिने रडणं सोडलं. गजांना गाल लावून नुसती बघत बसायची.

ढब्बूने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या तेव्हा सगळ्यांत जास्त नाचली ती जाऊच. त्याला कडेवर घेऊन घरभर फिरली. "ताई, तुम्ही जादू केलीत! आणि माझ्या बाईसाहेबांना काय शिकवलंत?"

"तिला काय शिकवायचं? तिला सगळं येतंच," मी म्हटलं.

"पण किती शहाणी झाली हो, अजिबात रडत नाही. तुमचंच वळण."

चोराच्या मनात चांदणं. हा टोमणा आहे का, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

परवा तिची सुटी होती. तिने चटईवर बसून भिंगरीच्या हातात डबी दिली. भिंगरीने ती घेतली आणि मांडीवर तशीच ठेवली. उघडली नाही, आपटली नाही. सासूबाई म्हणाल्या, "आई दिवसभर बाहेर असली की पोर अशीच कोमेजते."

जावेचा चेहरा पडला. थोड्या वेळाने मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथे ती आली.

"ताई, मी नोकरी सोडते. उद्याच मालकांना सांगते." डोळ्यांतलं पाणी ती पुसतही नव्हती. "आत्ता कुठे मला डोळे तपासायला शिकवायला लागले होते. पण माझ्यामुळेच पोरीचं असं झालं ना?"

मी गप्प बसले असते तर सगळं झाकलं गेलं असतं. ती घरी राहिली असती, भिंगरी तिच्याजवळ पुन्हा खुलली असती, आणि मी सगळ्यांची भली ती भलीच. खरं सांगते, तेवढा विचार मी केला. ओली चादर झटकता झटकता केला.

"तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे." आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने फक्त विचारलं, "तुम्ही ढब्बूशी खेळायचात तेव्हा ती काय करायची?"

"बघायची."

"रडायची नाही?"

"आधी रडायची."

ती खाली गेली. मी कपडे टाकून मागोमाग गेले. चटईवर दोन्ही बाळं होती, सासूबाई शेजारी. जाऊ भिंगरीसमोर बसली, फडकं तोंडावर घेतलं आणि ओढून म्हणाली, "भोऽ!"

भिंगरीने आईकडे बघितलंच नाही. मान वळवून ढब्बूकडे बघितलं आणि वाट बघत राहिली.

"भोऽ!" जाऊ पुन्हा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

ढब्बू खिदळला. तेव्हा कुठे भिंगरी हसली, त्याच्याकडे बघून.

"अगं, हसली बघ!" सासूबाई म्हणाल्या.

भोऽ झालं की ढब्बूने हसायचं आणि आपण बघायचं, हाच खेळ मी तिला रोज शिकवला होता. जावेने फडकं पुन्हा तोंडावर घेतलं. या वेळी तिने ते काढलं नाही.