शेऱ्याचा रकाना

जोडरस्ता झाला तर टेलरमास्तरांना काय मिळणार, हे गल्लीतल्या कोणीही बोटांवर मोजून सांगितलं असतं. त्यांचं दुकान बोळाच्या टोकाला, आणि दुकानाची पाठ निसर्ग उद्यानाला लागलेली. उद्यानातून रस्ता गेला की ती पाठच दर्शनी बाजू होणार. मागची भिंत फोडायची, काच बसवायची, आत कोट घातलेला एक पुतळा उभा करायचा, झालं दुकान. बोळात गिऱ्हाईक वाट चुकलं तरच येतं. रस्त्यावर ते वाट चुकायच्या आत येतं. शेजारचा चावीवाला म्हणायचा, मास्तरांचं नशीब त्यांच्या पाठीमागे येऊन उभं राहिलंय आणि हे पुढे मान घालून काजं करतायत.

तर असा माणूस उद्यान बचाव समितीत गेला तेव्हा लोकांना वाटलं, आतली बातमी काढायला गेला असेल.

खरं कारण मागच्या खिडकीतून दिसायचं. साखरेच्या दुखण्यात मास्तरांच्या बायकोची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली होती. रस्त्यावर ती कोणाचा तरी दंड धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. पण दुकानाच्या मागच्या दारातून उद्यानात गेली की तिला कोणी लागत नव्हतं. दाराशी खरखरीत सालीचं झाड, तिथून आठ पावलांवर दोन खोडांचं, मग ज्याच्या मुळ्या पायाला लागतात ते, असं हात लावत लावत ती तळ्याजवळच्या बाकापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. रोजचा दीड तास. बाकीचे साडेबावीस तास ती कोणाची तरी जबाबदारी होती. तेवढा दीड तास नव्हती. मास्तर खिडकीतून बघायचे, पण ते बघतात हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दीड तासातला निम्मा वजा झाला असता.

समितीत माणसं सात. अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ज्या साठीच्या माणसालाही चौथीतला समजून बोलत. चावीवाला त्यांचाच विद्यार्थी. त्याला झाडांचं फारसं काही नव्हतं, पण बाईंनी हजेरी घेतल्यासारखं नाव घेतलं आणि तो सवयीने उभा राहिला. समितीने दोन निवेदनं दिली. चाळीस माणसांचा मोर्चा काढला, त्यातली नऊ बाजाराला चालली होती. नगरपालिकेच्या कचेरीने दोन्ही निवेदनांवर शिक्का मारला आणि मोर्चाला पाणी पाजलं.

मग बाईंना सुचलं. रस्त्यापायी किती झाडं पडणार, हे कचेरीने एकदाही मोजलेलं नाही. आपण मोजू. प्रत्येक झाडाला नंबर घालू, घेर घेऊ, वही करून साहेबांच्या टेबलावर ठेवू. आकडा समोर आला की लाज वाटेल.

कचेरीने का मोजलं नाही, हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारण साधं होतं. नियमाप्रमाणे प्रत्येक झाडाचा नंबर, घेर, जागा आणि अवस्था कागदावर आल्याशिवाय कोणालाही कुऱ्हाड लावता येत नव्हती. मोजणीला कचेरीकडे दोन माणसं; एक रजेवर, दुसरा निवृत्तीला आलेला. त्यापायी जोडरस्त्याची फाइल सात महिने कपाटात निवांत पडली होती. काहीही न करता समिती जिंकत होती. पण काहीही न करणं समितीला शोभणारं नव्हतं.

मोजणी तीन आठवडे चालली. चावीवाला पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, बाई वहीत रकाने आखून द्यायच्या: नंबर, घेर, जागा, शेरा. घेर मास्तरांनी घ्यायचा हे न बोलता ठरलं, कारण गावात त्यांच्या टेपवर भरवसा होता. टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात. खोडाला मिठी मारल्यासारखी ती हात फिरवायची, टोक मास्तरांच्या बोटांत द्यायची आणि मग थोडा वेळ तिथेच थांबायची. इतकी खुशीत मास्तरांनी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. लोक येऊन विचारायचे, वहिनी, हे कुठलं? ती न चाचपता सांगायची.

शेऱ्याच्या रकान्यात दुसऱ्या कोणी रेघ मारली असती. पण मास्तरांच्या हातात चाळीस वर्षांची मापाची वही होती. नुसतं माप लिहिणारा तो शिंपीच नव्हे. छाती अडतीस, पण डावा खांदा उतरता. कंबर चौतीस, पोट पुढे, पाठीला बाक. हे लिहिलं नाही तर कोट अंगावर टांगल्यासारखा दिसतो. सरळ अंगाचं माणूस मास्तरांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि झाडंही माणसांपेक्षा काही वेगळी निघाली नाहीत. मास्तर मन लावून लिहीत गेले: पूर्वेकडे कललेलं. बुंध्याशी ढोली. एक फांदी वाळकी. साल सुटलेली. काही गोष्टी तर त्यांना दिसल्याही नसत्या. बायको खोडावर बोटाने टकटक करायची, कान लावायची आणि म्हणायची, लिहा, हे आतून पोकळ आहे. मास्तर कौतुकाने लिहायचे.

एकूण चारशे बारा झाडं. शेरा तीनशे अठरांना.

वही द्यायला सातही जण गेले. साहेबांनी सगळ्यांना खुर्च्या मागवल्या, जे आधी कधी झालं नव्हतं. वही चाळली, मागे जाऊन पुन्हा चाळली आणि म्हणाले, इतकं नेटकं काम आमच्या माणसांकडून झालं नसतं. खाली सातांच्या सह्या घेतल्या, पोच दिली. परत येताना बाई चक्क हसल्या. चावीवाला म्हणाला, शाळेत असताना एवढं कौतुक मिळालं असतं तर तो आज साहेब झाला असता.

एकोणीस दिवसांनी उद्यानाच्या फाटकावर नोटीस लागली. बाईंनी ती वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचायला घेतली. नागरिकांनी स्वतः केलेल्या पाहणीनुसार तीनशे अठरा झाडं धोकादायक आढळली. धोकादायक झाड काढायला सुनावणी लागत नाही. उरलेल्या चौऱ्याण्णवांची मोजणी पूर्ण झाल्यामुळे त्यांच्याही तोडीला परवानगी मिळाली. खाली यादी. कललेलं, पोकळ, साल सुटलेली. शब्द मास्तरांचे, काना-मात्रेसकट.

बाईंनी चष्मा काढला.

"मास्तर, हे एवढं लिहायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"रकाना तुम्हीच आखला होता, बाई."

मास्तर एकटेच कचेरीत गेले. वही परत मागितली. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं आणि समजावलं की कचेरीत आलेला कागद परत जात नसतो, त्यातून सह्या तुमच्याच आहेत.

"साहेब, खांदा उतरता लिहिलं म्हणजे माणूस पडतो का? त्याचा कोट तसा शिवायचा असतो, म्हणून लिहितात."

"मास्तर, आम्ही कोट शिवत नाही," साहेब म्हणाले, आणि ते काही टोमणा म्हणून म्हणाले नाहीत.

समितीने वकील गाठला. त्याने वही पाहिली आणि विचारलं, ही तुमच्या बाजूची की त्यांच्या? फी न घेताच तो उठला. वकिलाने फी सोडली तेव्हाच लोकांना कळलं की काही उरलेलं नाही.

तोड नऊ दिवस चालली. नंबर घातलेले असल्यामुळे माणसांना शोधावं लागलं नाही. मास्तरांनी मागची खिडकी लावून घेतली, तर बायकोने ती उघडायला लावली. खुर्ची ओढून ती तिथे बसली. प्रत्येक पडण्याचा आवाज झाला की विचारायची, कितवं? मास्तर नंबर वाचून सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा खोटा नंबर सांगितला. तिने मान हलवली. आवाज कुठून आला ते तिला कळत होतं.

सहाव्या दिवशी एकशे चाळीस गेलं, बाकाच्या अलीकडचं.

"हे पोकळ आहे म्हणून मीच सांगितलं होतं ना?"

"लिहिलं मी."

"तुम्हाला ऐकू तरी आलं असतं का ते?"

मास्तर टेपची गुंडाळी सोडत आणि पुन्हा करत बसले.

रस्ता वर्षभरात झाला. मागची भिंत मास्तरांनी फोडली नाही, पण घरमालकाने फोडली. काच बसवली आणि भाडं वाढवलं. वाढलेलं गिऱ्हाईक वाढलेल्या भाड्यात बरोबर गेलं, त्यामुळे मास्तरांच्या बाजूला शिल्लक शून्य. ठेकेदाराने गावाबाहेरच्या माळावर बदली झाडांसाठी चारशे बारा खड्डे खणून दिले आणि तो मोकळा झाला. कचेरीला लोकसहभागाबद्दल शाबासकीचं पत्र आलं. बाईंनी समितीची बैठक पुन्हा बोलावली नाही; त्या बाजारालाही लांबून जातात. चावीवाल्याने नंबर घालायला आणलेला रंग उरला होता, त्यात त्याने दुकानाची पाटी रंगवली.

मास्तरांची बायको पहिल्या महिन्यात एकदाच मागच्या दाराशी गेली. पुढे केलेला हात गाड्यांच्या वाऱ्यात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो मागे घेतला. आता ती पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत चालते, अकरा पावलं, भिंतीला धरून. तिच्या दिवसाचे चोवीस तास आता दुसऱ्याच्या हवाली आहेत. दीड तास तिचा गेला, आणि त्या सगळ्यात भरपाईचा रकाना कोणी आखला नव्हता.