सुतार जहाजावर चढला का

टेम्पोत सगळं सामान चढलं होतं. भिंतीवर उरला होता टीव्ही, आणि मालिका संपल्याशिवाय तो निघणार नाही, असं नानाजींनी हमालांना बजावलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला दिलेला हा पहिलाच हुकूम.

मालिका जपानची होती, हिंदीत बोलणारी. सामुराईंच्या राज्यात वादळानं आणून टाकलेला एक परदेशी सुतार. तो त्यांची भाषा शिकला, कंबर मोडेस्तोवर वाकायला शिकला, सरदारासाठी पूल बांधला. तरी वीस वर्षं त्याची चटई दाराशीच. आज शेवटचा भाग. त्याच्या देशाचं जहाज आलं होतं.

नानाजी कुही गावाहून कोराडीला आले, वीज केंद्राच्या राख विभागात लागले आणि कॉलनीत 'कुहीवाले' झाले. गेल्या दिवाळीत गावी गेले, तर भावाची सून आत वर्दी देत होती, 'कोराडीवाले आले.' आता निवृत्ती. बारा वाजता क्वार्टर सोडायचं आणि भावाच्या अंगणातल्या खोलीत राहायला जायचं.

"तो गेला का राहिला, आपल्याले काय करा लागते जी?" त्यांच्या पत्नी शोभाताईंनी विचारलं.

"पाहू दे वं. वीस वर्षांपासून पाहून राहिलो त्याले."

मालिका सुरू होऊन दीड महिना झाला होता. शोभाताईंनी हिशेब काढला नाही.

वसाहत कार्यालयाचा अंकुश यादी घेऊन आला. त्यानं पंखे पाहिले, नळ सोडून पाहिले. फरशी धुतलेली पाहून तो चकित झाला. लोक जाताना खिळेसुद्धा उपटून नेतात, म्हणाला. मग तोही खोक्यावर टेकला आणि हा गोरा कोण, असं विचारता विचारता रंगला.

सुतार किनाऱ्यावर पोचला. नावाड्यानं त्याच्या मायबोलीत काही विचारलं. उत्तर द्यायला सुतारानं तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. बारा वाजले होते. वायरमननं खाली मीटर काढलं होतं, नियमाप्रमाणे.

अंकुश ओशाळला. दहा मिनिटांसाठी जोडायला सांगतो म्हणून उठला.

"राहू दे गा," नानाजी म्हणाले. "चौतीस वर्षं लाइट बनवली. गेली म्हणून कधी कोणाले फोन नाही केला."

"मंग मोबाईलवर पाहून सांगू, काकाजी? गेला का राहिला?"

नानाजींनी टीव्हीची वायर काढून गुंडाळली.

"नको सांगू."

टीव्ही उतरला. राखेनं करड्या झालेल्या भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. नानाजींनी किल्ली दिली, सही केली आणि टेम्पोत जाऊन बसले. तेव्हा शोभाताईंना आठवलं, तांब्या ओट्यावरच राहिला.

नानाजी परत जिना चढले. दार उघडंच होतं; अंकुश बुटांसकट आत फिरून खिडक्या लावत होता. नानाजींनी उंबऱ्याबाहेर चप्पल काढली.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ते दाराशीच उभे राहिले.