पंधरा तिथ्यांचं पाणी

"बळवंत, ही आठ शून्यं कसली रे?"

नलिनी मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावर पसरलेल्या प्रिंटआऊटवर पेन्सिल टेकवली. अंधेरीच्या त्या कंपनीत बंदरांचे, धक्क्यांचे, खाड्यांचे आराखडे होत, आणि कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीवर मॅडमचं राज्य होतं. बळवंत त्यांचा ऑपरेटर. टेप चढवायची, कागद भरायचा, इंजिनिअर लोकांचे फोरट्रॅन या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्राम चालवून द्यायचे, एवढंच त्याचं काम. फोरट्रॅन लिही म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपला जुनी मॅन्युअलं चाळून चाळून शिकला होता.

"त्या तिथ्या बाकी आहेत, मॅडम."

"कुठे बाकी?"

"वडलांकडे."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कारण गोष्ट खरीच तशी होती. मनोरीच्या खाडीचा सर्व्हे कंपनीकडे आला होता आणि सर्व्हेची लाँच दोनदा चिखलात रुतून बसली होती. छापील कोष्टकात भरतीची वेळ मिळायची ती मुंबई बंदराची. खाडीत पाणी उशिरा चढतं, ते कोष्टकाला काय ठाऊक! बळवंत जन्मानं मनोरीचा कोळी. लहानपणी त्याला पाढ्यांच्या आधी तिथीची पाऊणपट शिकवलेली. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानं तेच फोरट्रॅनमध्ये बसवलं. तारीख दिली की तिथी काढणारा एक तुकडा, तिथीवरून भरती सांगणारा दुसरा. नावाला इंग्रजी सहाच अक्षरं चालत, म्हणून दुसऱ्याचं नाव BHARTI. असे आपले तुकडे एकत्र बांधून ठेवले की त्याची लायब्ररी होते. मग कुणी आपल्या प्रोग्रामात नुसतं नाव लिहिलं की तो तुकडा येऊन काम करून जातो, परत लिहायला नको. बळवंतनं आपल्या लायब्ररीचं नाव ठेवलं होतं MANORI.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. खाडीत भरतीचं पाणी ओहोटीकडे किती मिनिटं उशिरा फिरतं, हे दर तिथीला वेगळं. पंधरा तिथ्या, पंधरा आकडे. त्यातले सातच भरलेले.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तुझी लायब्ररी आज तुझ्या खात्यात पडून आहे. मला ती सिस्टिमवर बसवायची आहे, म्हणजे वरच्या मजल्यावरचा प्रत्येक इंजिनिअर ती वापरेल. पहिल्या ओळीत तुझं नाव राहील. पण शून्यांसकट मी बसवणार नाही. लाँच तिसऱ्यांदा रुतली तर माझं नाक कापलं जाईल. पंधरा दिवस रजा टाक, वडलांना विचार आणि संपव ना!"

"बघतो मॅडम," बळवंत म्हणाला. आणि रजा टाकली नाही.

खरं सांगायचं तर त्याला संपवायचंच नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी त्यानं होडी सोडून नोकरी धरली, तेव्हापासून बाप त्याच्याशी धड बोलला नव्हता. महादू कोळी म्हणजे मनोरीतला एक नंबरचा हट्टी माणूस. मुलगा लग्न करून बोरिवलीला राहायला गेला, तरी "बरा हाय का?" "बरा हाय" यापलीकडे गाडी जात नसे. शिमगा आणि नारळी पौर्णिमा, वर्षातून दोन खेपा. बळवंत मार्व्याहून खाडी ओलांडणारी तर पकडायचा, जेवायचा, परत यायचा. बाप ओट्यावर पाठ करून जाळं विणत असायचा. ती पाठ बळवंतला सलत असे. माणसाला बापाची पाठ किती वर्षं बघवेल?

मग दिवाळीनंतर हे आकडे हवे झाले. वही घेऊन तो गेला आणि ओट्याखाली उभा राहिला. "आबा, खाडीचं पाणी किती उशिरा फिरतं, ते तिथीवार सांगाल का? ऑफिसात पाहिजे."

महादूनं मान वर केली नाही. जाळं विणता विणताच म्हणाला, "पानी तोंडानं सांगता येत न्हाय. त्या त्या तिथीला होडीत ये. दावतो."

"मला रविवारचीच सुट्टी असते."

"मग रविवारी ये."

अशी सुरुवात झाली. ज्या रविवारी जी तिथी असेल ती. दोघं छोटी होडी खाडीच्या तोंडाशी नेत, नांगर टाकत आणि बसून राहत. पहिल्या रविवारी चतुर्थी होती. पाऊणपटीनं तीन वाजता पाणी फिरायला हवं. तीन वाजले, सव्वातीन झाले. महादूचा एक हात पाण्यात होता.

"तुजा मशीन पोहतो का रं?" त्यानं एकदम विचारलं.

"नाही, आबा. त्याला पाण्याची ॲलर्जी आहे."

"मंग त्याला कशाला रं पान्याच्या चांभारचौकशा?" म्हातारा खाकरला. तो हसला होता, हे बळवंतला जरा उशिरानं कळलं. मग होडी नांगरावर हळूच वळली, आणि महादू म्हणाला, "आता." बळवंतनं घड्याळ बघितलं. तीन पंचवीस. वहीत लिहिलं: चतुर्थी, २५.

पुढच्या रविवारी महादूनं विचारलं, हापिसात डबा खातोस की हॉटेलात? त्याच्या पुढच्या खेपेला, पोरीला कोणत्या शाळेत घातलीस? बारा वर्षांचं तुंबलेलं बोलणं असं एकेका तिथीनं मोकळं होत होतं. पाणी फिरेपर्यंत हलायचं नाही म्हटल्यावर दोघांनाही पळायला जागा नव्हती. बळवंतला वाटे, पंधरा फार कमी झाल्या, पंधरवड्यात दोनशे तिथ्या असत्या तर काय बिघडलं असतं!

कधी महादूच म्हणायचा, "आज नको, वारा हाय." पान हलत नसायचं. बळवंत वही खिशात घालायचा. दोघं ओट्यावर बसून बोंबील आणि भाकरी खायचे, आणि ती तिथी पुढं ढकलली जायची. तिकडं मॅडम दर सोमवारी विचारायच्या आणि हा दर सोमवारी एखादा आकडा दाखवायचा, नाहीतर मान खाजवायचा. "तुझे वडील म्हणजे सरकारी खातं दिसतंय," मॅडम एकदा चिडून म्हणाल्या. होळीपर्यंत अकरा झाले. चार उरले: षष्ठी, नवमी, द्वादशी, चतुर्दशी.

चैत्रातल्या एका शुक्रवारी ऑफिसात फोन आला. गावातल्या कुणीतरी केला होता. महादू ओट्यावर जाळं विणता विणता बसल्या जागी कलंडला होता. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं.

तेरावं उरकून बळवंत कामावर आला, तेव्हा नलिनी मॅडमनी त्याला खुर्ची दिली, स्वतः चहा मागवला. मग हळूच म्हणाल्या, "तुझी लायब्ररी मी परत वाचली. फार स्वच्छ लिहिलंयस रे. ते चार आकडे शेजारच्या तिथ्यांची सरासरी घेऊन भरू या का? पाच मिनिटांचा फरक पडेल फार तर. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळेल, मॅडम."

"अरे, पण सर्व्हे पुढच्या आठवड्यात परत सुरू होतोय."

"तोपर्यंत थांबा. पाया पडतो."

थांबून काय होणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. रजा टाकली असती तर पंधरा दिवसांत काम झालं असतं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. आपण रविवार पुरवून पुरवून खात बसलो आणि ताट समोरून गेलं.

रविवारी तो मनोरीला गेला. आई, सोनूबाई, ओट्याच्या पायरीवर सुके बोंबील निवडत होती. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेली बाई. मान अजून ताठ होती. बळवंत तिच्याजवळ बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. रजेचं, मॅडमचं, चार शून्यांचं.

सोनूबाई निवडायची थांबली.

"कंच्या चार?"

"षष्ठी, नवमी, द्वादशी, चतुर्दशी."

"सठीला तीस. नवमीला चालीस," ती म्हणाली. "बारसीला..."

"आई, थांब! तुला कसं माहीत?"

"मना कसं म्हायती?" सोनूबाईला त्याच्या बुद्धीची कीव आली. "चालीस वर्सं पाटी घेऊन बंदरावर कोन उभा रायला, तुजी मॅडम? होडी कवा लागंल, ते मना कलायला नको? पोरं चुलीपाशी सोडून जायची मी. धा मिंटं आधी गेली तर पोर रडायचा, धा मिंटं मागं गेली तर मासली दुसरीच घेऊन जायची. पंधराच्या पंधरा पाठ हायेत मना."

पाच महिने बळवंत तिच्या हातचं जेवत होता, तिच्याच पायरीवर चपला काढत होता, आणि तिला विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग आबा का नाही बोलले? त्यांनाही पाठ असणार."

"असनार काय, होतंच. तू पयल्या दिशी वही घेऊन येऊन गेलास ना, त्या दिशी जेवताना सगला पाढा म्हनून दावला मना. एक चूक न्हाय. मी म्हटलं, मंग पोराला का न्हाय सांगलं? तर म्हनाला..." सोनूबाईचा आवाज पहिल्यांदाच हलला. तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हनाला, आज सांगलं तर उद्या कशाला येल तो?"

बळवंत कितीतरी वेळ खालमानेनं रडला. सोनूबाई रडू देत होती. मधे मधे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्या हाताला मासळीचा वास होता. म्हणजे खोटा वारा, ढकललेल्या तिथ्या, सगळं दोन्हीकडून चाललं होतं. दोघंही तेच पुरवत होते, आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

शेवटी त्यानं तोंड पुसलं, खिशातून वही काढली. षष्ठीपुढं तीस लिहिलं आणि वही मिटली.

"आई, आज एकच पुरे. बाकीच्या तीन पुढच्या पुढच्या रविवारी सांग."

सोनूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो सात वर्षांचा झाला.

"उघड ती वही. चारी लिही. मुकाट्यानं," ती म्हणाली. "बापानं येडेपना केला तेवडा बस झाला. आयशीकडं यायला तुना कारन लागतं काय रं?"

त्यानं लिहिले. नवमी चाळीस, द्वादशी तीस, चतुर्दशी पंधरा.

सोमवारी अंधेरीला त्यानं चार शून्यं खोडून चार आकडे भरले, तुकडा परत कंपाइल केला, लायब्ररी बांधली. मॅडमनी ती सिस्टिमवर बसवली. "पहिल्या ओळीत तुझं नाव टाकते," त्या म्हणाल्या. बळवंतनं मानेनं नको म्हटलं आणि आपणच कळफलकाशी बसून दोन नावं टाइप केली, महादू आणि सोनूबाई, मुक्काम मनोरी. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरच्या तिघांनी BHARTI वापरलंही. काही तक्रार आली नाही.

त्या आठवड्यात लाँच दोनदा खाडीत गेली आणि वेळेवर बाहेर आली.

रविवारी सकाळी तो पायात चपला सरकवत होता. प्रेमा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "निघालात कुठं? संपलं ना तुमचं मनोरीचं काम?"

"संपलं," बळवंत म्हणाला. "आईकडं जाऊन येतो."