एक तास मिळव

आमच्या घरात दोन वेळा नांदतात. सरकारची ती नवी आणि आमच्या बाबांची ती जुनी. सरकारनं घड्याळ तासभर पुढे ढकललं त्याला बरीच वर्षं झाली. अख्ख्या अगादीर शहरानं कुरकुरत का होईना ते मानलं, पण आमचे हाज बिहि, म्हणजे बाबा, मानतील तर शपथ! "सूर्य काय सरकारी नोकर आहे?" म्हणतात. इथं कुणाला भेटायचं ठरलं की माणूस अजूनही आधी विचारतो, "जुन्या वेळेनं की नव्या?" तिथपर्यंत ठीक आहे. पण बाबांनी पांढऱ्या गाडीतलं घड्याळसुद्धा जुन्याच वेळेवर ठेवलेलं, आणि ती गाडी आम्ही भाड्यानं देतो.

बंदराच्या फाटकासमोर आमची टपरीएवढी कचेरी. दिवसभरासाठी पर्यटकांची बोट लागली की प्रवासी उतरतात, गाडी घेतात, झाडावर चढलेल्या शेळ्यांचे फोटो काढतात आणि बोट सुटायच्या आत परत येतात. गेल्या आठवड्यात एक म्हातारं जोडपं त्या घड्याळावर विसंबून निवांत कॉफी पीत बसलं. बोटीचा जिना वर ओढता ओढता कसंबसं पोचलं बिचारं. बाईंच्या एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे पडली देव जाणे. त्या दिवशी मी बाबांना फाडफाड बोलले. "तुमच्या या हट्टापायी एक दिवस कुणाची तरी बोट चुकेल!" बाबा गप्प. ते गप्प बसले म्हणजे ऐकणार नाहीत, हा माझा आजवरचा अनुभव.

मंगळवारी पुन्हा बोट आली. फाटकातून सगळ्यात आधी पळत बाहेर आला तो इद्दर. हा प्रवासी नव्हे. बोटीच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करतो. गाव आमच्याच डोंगराकडचं. दोन वर्षांपूर्वी त्याची बोट इथं लागली होती, तेव्हाही त्यानं आमचीच गाडी नेली होती.

"ताई, पांढरी गाडी आहे का?"

"आहे. काय बघायला निघालास? धबधबा की शेळ्या?"

"आईला."

"ती पण झाडावर चढते की काय?"

"अजून चढते! ऐकतच नाही कुणाचं." हसताना त्याचे डोळे पार मिटले.

आई एकटीच असते. आपण येतोय हे त्यानं तिला कळवलंच नव्हतं. धोबीखान्याच्या वाफेनं त्याचा मोबाईल मेला होता. "आणि तसंही, फोनवर ती बोलते कुठे?" तो म्हणाला. "बरा आहेस ना? मीही बरी. ठेव आता. झालं बोलणं!"

"परत कधी?"

"चारच्या आत बोटीवर. नव्या वेळेनं. उशीर झाला तर नोकरीच गेली म्हणून समजा. मागच्या खेपेला एकजण राहिला मागे, त्याची बॅग तेवढी पुढच्या बंदरावर उतरवली."

"मग गावाहून दोनला नीघ. रस्ता घाटाचा आहे, दीड तास तरी धर. आणि गाडीतल्या घड्याळाचं ठाऊक आहे ना?"

"हाजींचं जुनं!"

"हां. त्यात एक तास मिळव."

"मिळवतो," तो म्हणाला आणि चावी घेऊन गेलासुद्धा.

तीन वाजायला अवकाश होता आणि पांढरी गाडी दारात उभी! एवढ्या लवकर परत म्हणजे घरी काहीतरी वाईट असणार.

"काय रे, आई बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे," तो उतरत म्हणाला. "वेळेत आलो ना? गाडी अशी हाणली म्हणून सांगू!"

"वेळेत कसला? अजून तीनसुद्धा वाजले नाहीत."

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. मी माझा मोबाईल त्याच्या समोर धरला. त्यानं तो पाहिला, गाडीत डोकं घालून घड्याळ पाहिलं, पुन्हा मोबाईल पाहिला. दोन्हीकडे वेळ एकच होती.

"बाबा!" मी ओरडले.

बाबा चहाचा पेला घेऊन मागून आले. "सकाळी मीच बदललं," ते म्हणाले. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघितल्यासारखं हसू. "तू एवढी चिडली होतीस, म्हटलं तुला न सांगताच करून टाकू. बरं वाटेल तुला."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात एकदा या माणसानं माझं ऐकलं, आणि तेही नेमकं आज!

इद्दर फुटपाथवर बसला. त्यानं कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

"आईनं कोंबडी कापली होती," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो. ताजीनचं मातीचं भांडं नुकतं निखाऱ्यावर चढलं होतं, रोट्या थापायच्या होत्या. मी घड्याळ बघितलं, एक वाजलेला. एक मिळवला, दोन झाले. उठलो. ती म्हणाली, अरे निघालास कुठे, अजून दुपारची बांगसुद्धा झाली नाही. मी म्हटलं, तुमच्या मुअज्जिनला डुलकी लागली असेल. गाडीमागं पळत आली हो ताई, पिठाचे हात तसेच. मला वाटलं, निरोप द्यायला येतेय. धूळ तिच्या तोंडावर उडेल म्हणून मी जोरात पुढे काढली गाडी."

ती सांगायला पळत होती की अजून वेळ आहे, बस जरा.

बाबांच्या हातातला पेला कलंडत होता, त्यांना भानच नव्हतं. परत गावी जाऊन येणं शक्यच नव्हतं, चार वाजता तो घाटातच असता. मी मोबाईल इद्दरच्या हातात कोंबला. "लाव फोन. नंबर पाठ आहे ना?"

म्हातारी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"कोण? इद्दर? अरे देवा, गाडी आपटलीस?"

"नाही गं. घड्याळात घोळ झाला. पोचलो मी बंदरावर, पण अजून तासभर आहे."

"मग ये की."

"नाही पोचणार, आई."

मला वाटलं, आता म्हणेल, ठेव.

"मग ठेवू नकोस," ती म्हणाली. "थांब. चुलीपाशी ठेवते तुला."

आणि खरंच ठेवला. भांड्यावरचं झाकण वाजलं. चहा उंचावरून पेल्यात पडला. मधेच शेळी आत घुसली असणार, कारण म्हातारीनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. इद्दर गुडघ्यावर कोपर टेकून, मोबाईल कानाशी दाबून बसला होता. दोघं बोलत काहीच नव्हती. थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, "आहेस?" तो म्हणायचा, "आहे."

"रोटी निघाली बघ. पहिली तुझी होती."

"हं."

"आता कोंबडी कोण खाणार एवढी? मीच बसते जेवायला. येतोय का रे आवाज?"

"येतोय, आई. जेव तू. सावकाश जेव."

बंदराचा पहारेकरी त्याला हाक मारायला आला तेव्हा कुठे त्यानं मोबाईल खाली घेतला. फोन चालूच होता. तसाच माझ्या हातात देऊन तो फाटकातून आत गेला. "आहेस?" फोनमधून म्हातारीनं विचारलं.

बोट सुटल्यावर पाहिलं तर बाबा पांढऱ्या गाडीत बसलेले. चष्मा कपाळावर, नाक घड्याळाला टेकलेलं, आणि बोटानं बटण दाबणं चालू. तास मागे घेत होते.

"बाबा," मी म्हटलं, "अहो, पुढच्या गिऱ्हाइकाची बोट चुकेल."

"चुकू दे," बाबा म्हणाले.