मला अख्खी कोणी नेईना

मी एक टर्बो गाडी बोलतेय. म्हणजे माझ्यातलं जे काही उरलंय, ते बोलतंय. इंजिन परवाच गेलं. आवाज बारीक वाटला तर चालवून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी होते. लेथवर काम करणाऱ्या एका तरुणाने मला जुनी म्हणून घेतलं. सगळी गल्ली त्याला ठोक्या म्हणायची, कारण सुट्टीच्या दिवशी त्याच्या गॅरेजमधून ठोकाठोकीशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. त्याने मला मोठा टर्बो बसवला. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून तो इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा आणि मी शीळ घालत सुटायचे. स्प्रिंगा बदलून त्याने मला पार जमिनीलगत आणलं. सीट स्वतःच्या पाठीच्या मापाची करून घेतली. एवढी ताकद पेलायला क्लच शर्यतीचा, दगडासारखा कडक.

"बायकोचंसुद्धा कोणी इतकं करत नाही रे," त्याची आई म्हणायची.

"मिळाली तर करीन की!" तो माझ्या पोटाखालून ओरडायचा.

चूक एवढीच झाली, की त्याने मला फक्त स्वतःपुरतं घडवलं.

मग कामावर तो शिडीवरून पडला. कमरेतली नस दुखावली आणि डावा पाय हळूहळू निकामी झाला. माझा क्लच काही केल्या त्याला दाबता येईना. पाय बरा होईपर्यंत आईने मीठ सोडलं. आळणी जेवून ती माझ्या बॉनेटवर हात ठेवायची आणि पुटपुटायची, "देवा, ह्याचा पाय बघ. आणि हिलाही वाऱ्यावर सोडू नकोस." पाय सुधारला नाही. शेवटी त्याने मला विकायला काढलं. अट एकच: अख्खी जाईल आणि रस्त्यावर धावेल.

एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. सीटमध्ये बसले ते अडकलेच.

"अगं, ओढ!"

"अहो, आधी पोट आत घ्या!"

दुसऱ्याने विचारलं, "कंपनीचं काय राहिलंय हिच्यात?"

"आतला आरसा."

"तो तर तडकलाय."

"पण कंपनीचा आहे," ठोक्या म्हणाला.

मग माणसं यायची थांबली. फोन यायचे, ते 'नुसता टर्बो देता का' म्हणून. तो नाही म्हणत राहिला. मी उभ्या उभ्या गंजत गेले, उंदरांनी वायरी कुरतडल्या. एक दिवस आईच म्हणाली, "बाळा, दे आता सुटी सुटी. कोणाच्या तरी कामी येईल."

त्याने भिंतीवरचा पाना काढला. मग म्हणाला, "सोडवायची तर मीच सोडवणार. दुसरा घाईत बोल्टांचे आटे खराब करेल."

ज्या हातांनी आवळले होते, त्याच हातांनी त्याने एकेक बोल्ट सैल केला. टर्बो गेला, चाकं गेली, ती त्याच्या मापाची सीट गेली. ती कोणाला बसणार आहे, देव जाणे.

आज भंगारवाल्याचा ट्रक आलाय. मला चार घासलेली चाकं लावलीत. साखळीने ओढून वर घ्यायचंय.

"आत कोणीतरी बसा हो," भंगारवाला म्हणाला, "स्टीअरिंग सरळ धरायला."

ठोक्याने काठी भिंतीला टेकवली. सीटच्या जागी रिकामा डबा पालथा घातला आणि तो आत बसला. इंजिन नाही, तर क्लच कसला? डाव्या पायाला आज काही कामच नव्हतं. किती दिवसांनी त्याचे हात स्टीअरिंगवर आले!

"जपून रे," आई दारातून म्हणाली. "जोरात नको नेऊस."

"नाही गं नेत."

साखळी ताणली गेली. मी फळीवरून वर सरकतेय. माझ्यासाठी आता काही मागायचं उरलं नाही. पण ट्रकवरून त्याला एकट्याला खाली उतरता यायचं नाही, आणि त्याच्या आईच्या अंगात तेवढं बळ नाही. तुम्ही जवळपास असाल तर या, त्याला हात द्या.