अंगात कणकण

रंभाबाईंना कोणी नातवाची चौकशी केली की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "कायचा बरा? अंगात कणकण हाय." आठ महिन्यांचा अनंत चांगला गुटगुटीत होता, पण तसं बोललं तर नजर लागते ना. कुही गावाहून शहरात, नंदनवन वस्तीत मुलाकडे राहायला आल्या तरी बाईंची ही सवय काही सुटली नव्हती.

एरवी सून प्रेमिला हसून सोडून द्यायची. पण ऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतली पोरं डांग्या खोकल्यानं बेजार झाली होती, आणि अनंतला त्यावरची त्रिगुणी लस काही मिळत नव्हती. दवाखान्यात शामला सिस्टर विचारायची, "लेकरू बरं हाय ना?" कडेवर नातू घेतलेली आजी सवयीनं म्हणायची, "कणकण हाय." झालं. तापातल्या लेकराला सुई द्यायची नाही असा सिस्टरचा नियम, आणि हात लावून बघायला त्या गर्दीत सवड कुणाला? दोनदा हात हलवत परत यावं लागलं. चारचौघांत सासूला खोटं कसं पाडायचं? प्रेमिलाचा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या खेपेलाही रंभाबाईंनी तेच सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मंग पुढच्या हप्त्यात या."

प्रेमिला पुढे सरकली. "खरं हाय सिस्टर. लयच मरतुकडं हाय पोरगं. ह्या आत्याबाईच्या माहेरावर गेलं. तिकडं सारे असेच रोगट."

"रोगट?" रंभाबाई ताडकन फिरल्या. "काय बोलून राहिली वं तू? माहे भाऊ धानाचं पोतं एकटे उचलतात. अन् याले काय झालं? सकाळीच वाटीभर भात चापला यानं. सिस्टर, हात लावून पाहा, कुठं हाय ताप?"

सिस्टरनं हात लावला, गालातल्या गालात हसली आणि सुई टोचली. अनंतनं दवाखाना डोक्यावर घेतला.

प्रेमिलाला हसू आवरेना. पण रंभाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "हासू नको वं. याच्या बापाच्या आधी माहा मार्तंड होता. मीच सगळ्याईसमोर त्याले पहिलवान म्हटलं. महिन्यात डांग्या खोकल्यानं नेला."

प्रेमिलाला गलबलून आलं. तिनं सासूचा हात धरला. "आत्याबाई, नजरेनं नाही गेला तो. तवा हे सुई नव्हती."

रंभाबाईंनी नातवाच्या मांडीवरची सुईची खूण बोटानं हळूच कुरवाळली.

"आजी, दुसरी सुई पुढच्या महिन्यात," सिस्टर म्हणाली.

"महिनाभर काहून थांबाचं?" रंभाबाईंनी हुंदके देणाऱ्या नातवाची दुसरी मांडी उघडी केली. "आलोच हाओ तं आजच देऊन टाक ना बाई."