मुठीवरची गाठ

आमचे हे आफ्रिकेच्या लढाईत बेपत्ता झाले. पलटणीनं त्यांची ट्रंक आमच्या गावी, कापड्याला पाठवली, तिच्यात ही तलवार. ते कुठवर पोचले होते, एवढंच कळावं म्हणून महाडहून जुन्या हत्यारांचे जाणकार देवस्थळी यांना मी बोलावलं.

आकडीसारखी वाकलेली मूठ पाहून ते म्हणाले, "ही अल्जीरियाकडची. वय पात्याच्या मुळाशी असलेल्या छापावरून कळेल, पण तो मुठीपासून पात्यावर गुंडाळलेल्या या सुतळीखाली आहे. सोडू?"

मी तलवार ओढून घेतली. भाताचा भारा बांधताना हे अशीच डावऱ्या हाताची गाठ मारायचे.

"आवडीबाई, परत बांधून देतो की."

"बांधाल हो. पन ह्यांच्यासारखी नाय येनार तुमाला."